सुरमई सोडायची का, आणि तुमचे बाकीचे प्रश्न

मागच्या लेखात मी लिहिलं होतं की शरीराला मानवणारा आहार आणि जमिनीला-समुद्राला झेपणारा आहार हे दोन्ही एकाच ताटात बसवता येतात, आणि कोकणात तर ते बाकीच्यांपेक्षा सोपंय. त्यावर खूप प्रश्न आले, काही रागावलेले पण होते, ते पण घेतलेत. मी रत्नागिरीत आहारतज्ज्ञ म्हणून काम करते, त्यामुळे समोर बसलेल्या माणसाला जसं सांगते तसंच इथे सांगते.

माझो झील पुण्यात नोकरीक आसा. गणपतीक इलो नि सांगता, आई मासे बंद करूया, पृथ्वीक त्रास होता. आमच्याकडे आठवड्यातून चार दिवस मासे असतात, सुरमई नि पापलेट जास्त. खरंच बंद करायचे का? आणि पावसाळ्यात काय करायचं? (मालवण)

वहिनी, बंद नका करू. झील जे वाचून आलाय तो बहुतेक ईट-लॅन्सेट आयोगाचा २०१९ चा अहवाल असणार, १६ देशांतले ३७ शास्त्रज्ञ एकत्र बसले आणि त्यांनी असा आहार मांडला की माणसं निरोगी राहतील आणि जमीन, पाणी, हवा पण टिकतील. त्यात मासे बंद असं कुठेच नाहीये. मटणासारखं लाल मांस त्यांनी रोजच्या सरासरीने फक्त १४ ग्रॅम धरलंय, पण मासे २८ ग्रॅम आणि वाटल्यास १०० ग्रॅमपर्यंत. म्हणजे एका माणसाला आठवड्याला २०० ग्रॅम झाले तरी पुष्कळ आणि ७०० च्या पुढे जाऊ नये असा तो हिशोब. तुमचे चार दिवस त्यात आरामात बसतात, फक्त दोन तुकडे कालवणात आणि वर दोन तळलेले असं नको.

खरा घोळ कुठले मासे यात आहे. सुरमई ही दुसऱ्या माशांना खाऊन वाढणारी, समुद्रातल्या साखळीत वर बसलेली, तिच्यासाठी बोटी लांब जातात, डिझेल जाळतात. पापलेटला तर २०२३ मध्ये राज्यमासा केला आणि त्यामागे कारणच हे होतं की तो कमी व्हायला लागलाय. त्याच वर्षी सरकारने ५४ जातींची किमान लांबी ठरवून दिली, पापलेट १३५ मिलिमीटरच्या खाली पकडायचा-विकायचा नाही, सुरमई ३७० च्या खाली नाही. तरी बाजारात गेलात की तळहाताएवढी सुद्धा नसलेली पापलेटं वाट्याने लावलेली दिसतातच. ती घेऊ नका, स्वस्त मिळाली तरी नका घेऊ. अंडी घालायच्या आधीच मासा ताटात आला तर पुढच्या वर्षी काय येणार.

आणि त्याच टोपलीच्या बाजूला बघा, तारली आहे, पेडवे आहेत, बांगडा आहे, मांदेली आहे. हे मासे लवकर वाढतात, पिल्लं भरपूर देतात, किनाऱ्याजवळ मिळतात, आणि शरीराच्या बाजूने बघाल तर हृदयाला चांगलं असलेलं ओमेगा-३ तारली-बांगड्यात पापलेटपेक्षा जास्त असतं. मांदेली कुरकुरीत करून काट्यासकट खाल्ली तर कॅल्शियम पण मिळतं, सुरमईच्या तुकडीतून ते मिळत नाही कारण काटा आपण बाजूला काढतो. मला खूप वाईट वाटतं ते याचं, की आपल्याकडची ढीगभर तारली फिशमीलच्या, म्हणजे माशांची पूड करायच्या, कारखान्यात जाते, कोंबडीच्या नि कोळंबीच्या खाद्यात जाते, आणि आपण "तारली काय गरिबांचा मासा" म्हणून पुढे जातो. तिखल्यासारखी करून बघा, त्रिफळं घालून, कोकम जरा जास्त टाकून. मग बोलू.

एक गोष्ट मात्र आपल्या जुन्या पद्धतीच्या विरोधात सांगायची आहे आणि ती महत्त्वाची आहे. बाळंतिणीला दूध यावं म्हणून मोरी, म्हणजे मुशी, द्यायची पद्धत आहे. मोरी म्हणजे शार्क. शार्क मोठा शिकारी मासा, त्याच्या अंगात पारा साठत जातो, आणि गरोदर आणि दूध पाजणाऱ्या बायकांनी शार्क खाऊ नये असं अमेरिकेतलं अन्न-औषध प्रशासन स्पष्ट सांगतं. शिवाय हा मासा उशिरा वयात येतो, पिल्लं मोजकी देतो, एकदा कमी झाला की भरून यायला फार वर्षं जातात. बाळंतिणीला बांगडा द्या, मांदेली द्या, मेथीची पेज द्या, अळिवाची खीर द्या, मोरी नको.

पावसाळ्याचं पण विचारलंय तुम्ही. १ जून ते ३१ जुलै आपल्याकडे यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, बऱ्याच माशांचा हा विणीचा काळ. त्यात कुठून तरी आणलेली बर्फातली सुरमई कशाला, घरात सुकं असतंच की. फक्त सुक्यात दोन जाती आहेत हे लक्षात ठेवा. सुका जवळा आणि वलांडीवर वाळवलेले बोंबील हे बहुतेक वेळा मीठ न लावता उन्हात वाळवतात, ते चालतील. खारा बांगडा, खारी सुरमई यांच्यात मीठच मीठ, आणि मिठाची दिवसाची मर्यादाच मुळात ५ ग्रॅम म्हणजे चहाचा एक सपाट चमचा. घरात कोणाला प्रेशर असेल तर खारं महिन्यातून एकदा, ते पण पाण्यात भिजवून, पाणी टाकून.

वय ५८, शुगर आहे. डॉक्टर म्हणतात भात कमी करा, मुलगी म्हणते भातशेतीने मिथेन तयार होतो म्हणून चपाती खा. आयुष्यभर भात खाल्लेला माणूस, आता काय करू? (गुहागर)

काका, डॉक्टरांचं ऐका, मुलीचं अर्धं ऐका.

मिथेनचं, म्हणजे पृथ्वी तापवणाऱ्या वायूचं, खरं आहे. खाचरात पाणी तुंबलं की मातीत हवा जात नाही, मग हवेशिवाय जगणारे जिवाणू खालचं कुजकं खाऊन मिथेन सोडतात आणि तो भाताच्या रोपाच्याच पोकळ काड्यांतून वर येतो. पण म्हणून गहू आपोआप चांगला असं होत नाही. आपला भात पावसावर होतो, त्याला कोणी पंप लावून पाणी देत नाही, आणि पंजाब-हरयाणातला गहू जमिनीखालचं पाणी उपसून होतो, ते पाणी दरवर्षी खाली चाललंय. शिवाय शुगरच्या दृष्टीने दोन मोठ्या चपात्या आणि एक वाटी भात यात तुम्हाला वाटतं तेवढा फरक नाहीये, कर्बोदकं दोन्हीत आहेत.

मी माझ्या पेशंटना हे करायला सांगते. भाताची वाटी ठरवा, शिजलेला भात एका वेळी एक वाटी, डोंगर करायचा नाही. तांदूळ उकडा घ्या, लाल मिळाला तर फार छान. सिंधुदुर्गात वालय सारखे जुने लाल तांदूळ अजून काही जण लावतात, त्यांच्याकडून घेतलात तर ते बी पण टिकेल. उकड्याचा फायदा असा की भात सालासकट भिजवून उकडतात तेव्हा सालाजवळचं बी-१ जीवनसत्त्व दाण्याच्या आत शिरतं, मग गिरणीत भरडला तरी सगळं कोंड्यात जात नाही. पेज मात्र जपून, पातळ असली तरी ती भातच आहे, वाटीभर प्या आणि बरोबर सुकी भाजी किंवा उसळ असू द्या.

दुसऱ्या जेवणाला नाचणीची भाकरी. नाचणी आपल्या वरकस जमिनीवर होते, डोंगरउतारावर, जिथे भात होणार नाही तिथे, पाणी तुंबवायला लागत नाही आणि खत पण कमी लागतं. १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३६० मिलिग्रॅम कॅल्शियम, पांढऱ्या तांदळात दहाच्या आत. पण नाचणी म्हणजे औषध असं समजून चार भाकऱ्या खाल्ल्या तर शुगर वाढणारच, आणि नाचणीसत्त्व तर तुम्ही घेऊच नका, त्यातला चोथा गाळून टाकलेला असतो आणि ते पटकन साखरेत जातं. ते आजारातून उठलेल्या माणसाला, लहान बाळाला. तुम्हाला भाकरी किंवा आंबील.

आणि सगळ्यात मोठा बदल म्हणजे भाताबरोबर काय. आपल्याकडे भात दोन मूद आणि वर पाण्यासारखी आमटी असा प्रकार झालाय. आधी वाटीभर भाजी, मग घट्ट कुळथाची पिठी किंवा चवळीची उसळ, आणि भात शेवटी, या क्रमाने जेवून बघा, जेवणानंतरची शुगर कमी चढते. गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर भात एकदम अर्ध्यावर आणायच्या आधी डॉक्टरांना सांगा, डोस तोच राहिला तर शुगर खाली जाऊन चक्कर येऊ शकते.

किन्वा, अ‍ॅव्होकॅडो, चिया हे सगळं डाएटमध्ये सांगतात. पर्यावरणाला चांगलं आहे का हे? महाग पडतंय. (पनवेल)

नका घेऊ. किन्वाच्या जागी वरी आणि नाचणी, चियाच्या जागी तीळ-अळीव, अ‍ॅव्होकॅडोच्या जागी मूठभर शेंगदाणे. झालं.

एक मात्र सांगते, कारण याबद्दल गैरसमज खूप आहे. लांबून आलं म्हणजे वाईट आणि जवळचं म्हणजे चांगलं असं सरसकट नसतं. २०१८ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात पूर आणि नेमेचेक या दोघांचा मोठा अभ्यास आला होता, ११९ देशांतल्या ३८ हजारांवर शेतांची आकडेवारी घेऊन. त्यात दिसतं की अन्नाच्या एकूण प्रदूषणात वाहतुकीचा भाग फारच थोडा आहे, बहुतेक सगळं शेतात आणि गोठ्यात घडतं. म्हणजे विदर्भातली तूरडाळ ट्रकने आली तरी ती गावातल्या मटणापेक्षा कितीतरी हलकी पडते. विमानाने येणाऱ्या नाजूक फळांचं वेगळं, ती खरंच जड पडतात. तेव्हा आधी ताटात काय आहे ते बघा, कुठून आलं ते नंतर.

मुलगी १९ वर्षांची, कॉलेजला जाते. व्हीगन व्हायचं म्हणते, दूध-अंडी-मासे सगळं बंद. मागच्या महिन्यात हिमोग्लोबिन ९ आलं. मी आणि तिचे बाबा दोघंही विरोधात आहोत, घरात रोज भांडण. (चिपळूण)

ताई, पहिल्यांदा भांडण थांबवा. तिला प्राण्यांबद्दल, पृथ्वीबद्दल काहीतरी वाटतंय, हे चांगलंच आहे, त्याला नावं ठेवू नका. पण ९ हिमोग्लोबिन हे मध्यम प्रकारच्या अ‍ॅनिमियात येतं, बायकांना निदान १२ पाहिजे, आणि हे नुसत्या बीट-खजूर-डाळिंबाने भरून येणार नाही. डॉक्टरांकडून लोहाच्या गोळ्या सुरू करा, बी-१२ ची तपासणी पण करून घ्या. तुमची एकटीची मुलगी नाहीये ही, २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या १०० पैकी ५७ बायका अ‍ॅनिमियात निघाल्या, आणि त्यातल्या बऱ्याच जणी मासे-मटण खाणाऱ्या घरातल्या आहेत. म्हणजे शाकाहाराने झालं असं म्हणून तिला गप्प करू नका, आणि व्हीगन झाल्याने बरं होईल असं तिनेही समजू नये.

तिला दोन महिने द्या म्हणावं, गोळ्या घेऊन हिमोग्लोबिन वर आलं की मग ठरव. आणि ठरवलंच तर बी-१२ ची गोळी कायमची घ्यावी लागेल, यात वाद नाही. बी-१२ भाजीपाल्यात नसतं, शेवाळाची पूड, आंबवलेलं पीठ वगैरे ऐकून त्याच्या भरवशावर राहू नका. मज्जातंतूंवर परिणाम होतो आणि तो कधी कधी कायमचा राहतो.

बाकी जेवणात कोकणातली मुलगी व्हीगन राहणं तसं अवघड नाही, आपल्याकडे निम्मे पदार्थ आहेतच तसे. शेवग्याचा पाला, जो आपण फक्त गोकुळाष्टमीला करतो, तो आठवड्यातून दोनदा करा, त्यात १०० ग्रॅमला ३०० मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम आहे आणि लोहही आहे. झाड परसात असतं, पैसे लागत नाहीत. कुळीथ, काळे वाटाणे, चवळी, वाल, रोज दोन वेळा यातलं काहीतरी, अगदी रोज. तीळ-शेंगदाण्याची चटणी. भाजी लोखंडी कढईत, भाकरी बिडाच्या तव्यावर. वरून लिंबू पिळायचं, किंवा हंगाम असेल तेव्हा कैरी, कारण झाडपाल्यातलं लोह अंगात शिरायला सी जीवनसत्त्व मदत करतं. आणि चहा जेवणाला लागून नाही, आधी-नंतर तासभर सोडून, आपल्याकडे जेवलं की लगेच कपभर चहा ही सवय फार आहे आणि ती लोह अडवते.

नारळाचं दूध हे दुधाला पर्याय नाही, त्यात प्रथिनं जवळजवळ नाहीतच, हे तिला मुद्दाम सांगा. सोयाबीनचं दूध किंवा टोफू चालेल.

आणि एक विचारून बघा. तिसऱ्या, कालवं या शिंपल्यांना वरून काही खाद्य घालावं लागत नाही, खाडीचं पाणी गाळून त्यातलं खाऊन वाढतात, त्यामुळे पर्यावरणावर त्यांचा भार अगदी कमी, आणि बी-१२ आणि लोह दोन्ही भरपूर. काही जण प्राण्यांचं सगळं सोडतात पण हे ठेवतात. तिला नको असेल तर नको, जबरदस्ती करू नका. खाणार असेल तर खाडी स्वच्छ असलेल्या भागातल्या घ्या, जिथे गटार सोडलंय तिथल्या नकोत कारण पाण्यातली घाणही त्यांच्यातच साठते, आणि नीट शिजवून.

नारळ आणि खोबरेल तेल, कोणी म्हणतं अमृत, कोणी म्हणतं हार्ट अटॅक. आमच्याकडे खोबऱ्याच्या वाटपाशिवाय काही होत नाही. (आचरा)

वाटप बंद करायला मी सांगणार नाही, पण हिशोब करूया. ओल्या खोबऱ्यात १०० ग्रॅमला साधारण ३० ग्रॅम संपृक्त चरबी असते. अर्धा नारळ म्हणजे दीडशे ग्रॅमच्या आसपास खोबरं, म्हणजे ४५ ग्रॅम, चार माणसांत वाटलं की प्रत्येकी ११ ग्रॅम. २००० कॅलरी खाणाऱ्याला दिवसाची मर्यादा २२ ग्रॅमची. म्हणजे चार माणसांना दिवसाला अर्धा नारळ बसतो, आणि मग उरलेली जागा दूध-तूप-मासे-तेल यांना. अख्खा नारळ रोज आणि वर तळणीचं असेल तर मर्यादा गेलीच. खोबऱ्याबरोबर निदान चोथा तरी येतो, खोबरेल तेलात नुसतीच चरबी आणि त्यातली ९० टक्के संपृक्त, तर फोडणीला शेंगदाण्याचं किंवा तिळाचं तेल वापरा, खोबरेल चवीपुरतं.

पण मला नारळापेक्षा जास्त काळजी पामतेलाची वाटते. फरसाण, खारी, बिस्किटं, वेफर्स, पाकिटामागे बारीक अक्षरात पामोलीन लिहिलेलं असतं. आपला देश जगात सगळ्यात जास्त पामतेल आयात करतो, येतं इंडोनेशिया-मलेशियातून, आणि तिकडे त्यासाठी जंगलं तुटलीत. परसातला नारळ सोडून ते खायचं याला काही अर्थ नाही. चहाबरोबर फरसाणाऐवजी भाजलेले काजू, उकडलेल्या फणसाच्या आठळ्या, पोहे. वर्षभरात तुमच्याकडे किती पाकिटं फरसाण येतं ते एकदा मोजून बघा.

आम्ही पाच-सहा पोरं पावसाळ्यात रानभाज्या गोळा करून मुंबई-पुण्याला पाठवतो, चांगला रेट मिळतो. गावातले म्हातारे म्हणतात संपवाल. (देवरुख)

म्हातारे बरोबर आहेत, पण सगळ्या भाज्यांबाबत नाही. टाकळा आणि कुर्डू बिनधास्त काढा, त्या तणासारख्या उगवतात, उलट कोवळ्या असताना खुडल्या तर बरंच. शेवळाचं वेगळं, आपण खातो तो त्याचा फुलोराच असतो, एका जागचे सगळे काढले तर बी धरणार कसं. निम्मे तरी सोडा. फोडशी पात कापून घ्या, उपटू नका, खालचा मुळाचा गड्डा राहिला तर पुढच्या वर्षी परत येते. भारंगीचे कोवळे शेंडे घ्या, झुडूप ओरबाडू नका. आणि मोठ्या ऑर्डरसाठी करटोली परसात लावा ना, मांडवावर चांगली होते.

आंबा-काजूच्या ज्या बागेत तणनाशक मारलंय तिथलं काही उचलू नका, रस्त्याच्या कडेचं पण नको. पाकिटावर कशी शिजवायची ते लिहा, शेवळं काकड्यांशिवाय (काकडी नव्हे, काकड झाडाची आंबट फळं) किंवा चिंचेशिवाय केली तर घसा खाजतो आणि शहरातल्या माणसाला ते माहीत नसतं. मूतखडा होतो त्यांनी अळू-शेवळं जपून खावीत हे पण एका ओळीत लिहा. आणि पोरांनो, एक टोपली आधी स्वतःच्या घरी न्या. पालेभाजी रोज १०० ग्रॅम खावी असं हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचं म्हणणं आहे, आणि तुमच्या घरातल्या आयांच्या ताटात ती किती पडते ते बघा.

होमस्टे आहे. पर्यटकांना सुरमई-पापलेट थाळीच पाहिजे असते, जून-जुलैत पण. अन्न खूप वाया जातं ते वेगळंच. (तारकर्ली)

अन्न वाया जाणं हे लोकांना किरकोळ वाटतं पण ते फार मोठं आहे. २०२२ मध्ये जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेलं, त्यातलं ६० टक्के घरांतून आणि २८ टक्के हॉटेलं-खानावळीतून. तुमच्याकडे बहुतेक भात आणि चपात्या परत येत असतील. ताटात भात कमी वाढा आणि मागेल तेवढा पुन्हा द्या, वाढपी माणूस फिरता ठेवा, "अनलिमिटेड" हा शब्द बोर्डावरून काढा. उरलेलं गोबर गॅसला किंवा माडाच्या आळ्यात खत करून.

थाळीचं असं करा, दोन थाळ्या ठेवा. एक नेहमीची. दुसरी "आजच्या रापणीची" म्हणून, त्यात त्या दिवशी जे आलं ते, बांगडा असेल, पेडवे असतील, तिसऱ्या असतील, आणि ती सुरमईपेक्षा शंभर रुपयांनी कमी ठेवा. रापण म्हणजे किनाऱ्यावरून हातांनी ओढलेलं जाळं, डिझेल नाही, हे पर्यटकाला समोर दाखवता येतं, सकाळी किनाऱ्यावर न्या आणि दुपारी तेच ताटात. लोकांना गोष्ट आवडते हो, आणि ही गोष्ट खरी आहे. जून-जुलैत रानभाज्या, कुळथाची पिठी, सुक्या जवळ्याची कोशिंबीर, फणसाच्या आठळ्या घातलेली अळूची भाजी अशी पावसाळी थाळी करा. ताजी सुरमई का नाही विचारलं तर बंदी आहे, मासे विणीवर आहेत असं सरळ सांगा.

चार माणसं, एक पगार. हे सगळं वाचून चांगलं वाटतं पण आठवड्याचा किराणा कसा बसवायचा ते सांगा. (लांजा)

हा प्रश्न मला सगळ्यात जवळचा आहे, कारण असा आहार महाग पडतो हा आक्षेप खोटा नाही. ईट-लॅन्सेटचा आहार जगातल्या दीडशे कोटींहून जास्त लोकांना परवडणार नाही असा हिशोब २०२० मध्येच कोणीतरी करून दाखवलाय. पण त्यात महाग पडतं ते फळं, भाज्या आणि प्राण्यांचं, आणि लांज्यासारख्या गावात परसात थोडी जागा असेल तर चित्र बदलतं.

राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये दिलेलं माप घेऊया, ते आपल्या खाण्याला जवळचं आहे. एका माणसाला दिवसाला धान्य २५० ग्रॅम, डाळी-कडधान्यं ८५, भाज्या ४००, फळं १००, दूध ३०० मिली, शेंगदाणे-तीळ-काजू ३५, तेल २७ ग्रॅम. चार माणसांना म्हणजे धान्य एक किलो आणि डाळ-कडधान्य ३४० ग्रॅम. आता तुमच्या घरात काय होतं ते आठवा. मी घराघरांत विचारते तेव्हा धान्य दीड किलोच्या आसपास निघतं आणि डाळ दोन मुठी, त्यात दोन भांडी पाणी. आपल्या आहारातला सगळा बिघाड इथे आहे, शरीराचाही आणि शेतीचाही. कडधान्यं मुळांवरच्या गाठींमधून हवेतला नायट्रोजन जमिनीत आणतात, युरिया कमी लागतो, आणि आपल्याकडे तर भात कापल्यावर उरलेल्या ओलीवर वाल नि कुळीथ होतात, पाणी सुद्धा द्यावं लागत नाही. माझ्या लहानपणी आमच्या शेतात दिवाळीनंतर कुळीथ असायचाच, आता त्याच जमिनी दिवाळी ते पाऊस ओसाड पडलेल्या बघते आणि आम्ही दुकानातून डाळ आणतो.

तर पैसे असे हलवा. रोजचा अर्धा किलो तांदूळ-गहू कमी झाला, फरसाण-बिस्किटं बंद, आणि ब्रॉयलर आठवड्यातून दोनदा आणत असाल तर एकदा, या तिन्हीतून जे वाचेल ते कडधान्यं, शेंगदाणे आणि अंडी यांच्यात घाला. ज्या दिवशी मासे किंवा अंडी असतील त्या दिवशी कडधान्य थोडं कमी झालं तरी चालतं. मासे दोन दिवस, बांगडा किंवा तारली, किलोच्या भावाने जेव्हा स्वस्त असतील तेव्हा. भाजी रोज चार माणसांना दीड किलो विकत घेणं परवडणार नाही, म्हणून दारात पहिल्यांदा शेवग्याची एक फांदी रोवा, ती सहा-आठ महिन्यांत पाला द्यायला लागेल, मग अळू, पण स्वच्छ ओलीत, सांडपाण्याच्या कडेला नको, लाल माठ, वेलावर पडवळ नि दोडका. फळांत सफरचंद आणायची काहीच गरज नाही, केळी, पपई, पेरू, बोरं, करवंदं, जांभळं, आणि हंगामात आंबा-फणस पोटभर नाही पण रोज थोडा. कच्च्या फणसाची कुयरीची भाजी मे महिन्यात चार-पाच वेळा होतेच, एक फणस अख्खी वाडी जेवते.

कडधान्यं रात्री भिजवायची, मोड आणायचे, कुकरला लावायची, गॅस कमी जातो. रविवारी किलोभर कुळीथ भाजून दळून आणला की पिठी पंधरा दिवस पुरते आणि संध्याकाळी दमून आल्यावर दहा मिनिटांत जेवण होतं. सोमवारी चवळी, मंगळवारी पिठी-भात, बुधवारी बांगडा, असं मी मुद्दाम लिहून देत नाही, कारण बुधवारी बांगडा महाग असेल तर तुम्ही तक्ताच सोडून द्याल. फक्त एवढं बघा की दिवसातून दोन वेळा ताटात कडधान्य किंवा डाळ घट्ट आहे, एकदा पालेभाजी आहे आणि भाताची मूद एकच आहे. पहिल्या आठवड्यात मुलं कुरकुर करतील. शनिवारी काळ्या वाटाण्याचं सांबार आणि आंबोळ्या करा, त्या दिवशी कोणी काही बोलणार नाही.